मध्यंतराचा पास

महाड
६ जानेवारी २०२५

ती. आत्या,

नमस्कार. जितेश कंडक्टरच्या हाती हे पाकीट देते आहे. मेमरी कार्ड याच कागदाच्या घडीत आहे, तेव्हा पत्र झटकून उघडू नकोस. गेल्या वेळी काकांना ते तंबाखूच्या पुडीत सापडलं होतं.

कार्ड दीपकने त्याच्या मोबाइलच्या दुकानात भरून दिलं आहे. चार सिनेमे आहेत. नियम नेहमीचाच. आधी तू पाहायचे, मग सर्वांत चांगला कोणता आणि सर्वांत वाईट कोणता ते लिहायचं, आणि त्यानंतर मी माझं सांगायचं. मी आधी सांगितलं की तू मुद्दाम उलटं लिहितेस, हे मला आता कळलं आहे.

मंगेशदादाने आईसाठी म्हणून तुला एवढा मोठा फोन घेऊन दिला आणि वाडीवर रेंज नाही, याचं मला पूर्वी वाईट वाटायचं. आता नाही वाटत. त्या टेकाडावर चढून तू फोन केलास की निम्मं खोरं ऐकतं, आणि सिनेमाबद्दल असं ओरडून बोलता येत नाही.

एक गोष्ट तुला माहीत आहे की नाही कोण जाणे. तुझी पत्रं जितेश स्टँडवर बाबांच्याच हातात देतो. डेपोतून रिटायर होऊन तीन वर्षं झाली तरी त्यांची सकाळ तिथेच जाते. घरी आले की पाकीट टीव्हीखालच्या फळीवर ठेवतात आणि म्हणतात, "कार्ड आलंय." पत्र आलंय असं कधी म्हणत नाहीत. तुझं नाव घ्यायची वेळ आली तर "पोलादपूरवाली". आणि तू मला लिहिताना "तुझे वडील" म्हणतेस. पूर्वी तू त्यांना दादा म्हणायचीस, ते तुला संजे म्हणायचे. आजी गेली त्या पावसापासून हे असं चाललं आहे.

डिसेंबरात तू दाताला दाखवायला महाडला येऊन गेलीस, हे मला जितेशकडून कळलं. स्टँडपासून आपलं घर काही लांब नाही. आत्या, मला नवीन वर्षात दुसरं काही नको. एकदा घरी ये.

तुझी,
समीक्षा


वरची वाडी, पोलादपूर
२७ जानेवारी

चि. समीक्षास अनेक आशीर्वाद.

कार्ड शाबूत मिळालं. चारही सिनेमे पाहून झाले. शेजारची ठमाबाई येते, कारण एकटीने सिनेमा पाहणं मला जमत नाही. कोणाला तरी कोपर मारल्याशिवाय मजा नाही. फोन भात मापायच्या पायलीला टेकवून ठेवतो आणि दोघी बसतो. काका मागे बसतात आणि पाहत नसल्याचं दाखवतात.

सर्वांत वाईट, तो म्हैस फेकणारा. हीरो म्हशीला शिंगांना धरतो, गरागरा फिरवतो आणि गुंडांवर फेकतो. त्यानंतर पन्नास माणसं पडली, दोन गाड्या जळल्या, लग्नसुद्धा लागलं, पण ठमाबाईचं एकच, "ती म्हस कुठं पडली गो? दाखवली नाय." मग मीही शेवटपर्यंत म्हशीचीच वाट पाहत बसले. नाही आली.

स्वयंपाकाच्या स्पर्धेचा बरा होता, भूक लागली. होडीवाला तुझा आवडता असणार, पैज लाव. पूल होणार म्हणून होडी बंद पडणार, आणि त्यावर कोणीच काही बोलत नाही. काका दोनदा झोपले, दोनदा उठले, होडी तिथेच.

आता सर्वांत चांगला. मिठागरातल्या दोन बहिणींचा. समीक्षा, असा सिनेमा मी बऱ्याच वर्षांत पाहिला नाही. दोघींचं कशावरून फाटलं ते नीट सांगतसुद्धा नाहीत, आणि सांगायची गरजही नाही. मग ती थोरली एक दिवस उठते आणि मिठागराच्या बांधावरून चालायला लागते. ऊन असं की मिठाकडे बघवत नाही. धाकटीच्या दारात येते, दार वाजवते. आतून कडी काढल्याचा आवाज. दार उघडतं, धाकटीचा चेहरा दिसतो, आणि संपलं. काय बोलल्या, रडल्या की भांडल्या, काही दाखवलं नाही. ठमाबाई म्हणाली, "येवढाच हाय?" मी म्हटलं, एवढाच पुरे. तासाभराचा सिनेमा, पण करणाऱ्याला कुठे थांबायचं ते कळतं.

घरी ये म्हणतेस. तुला सगळं माहीत आहे, तरी विचारतेस म्हणून एकदाच लिहिते. आई गेल्याचा निरोप आला तेव्हा घाटात दरड पडून रस्ता बंद होता. मी चिखलातून पायी उतरले, पुढे मिळेल त्या वाहनाने आले. पोहोचले तेव्हा आईची राख निवत होती. तुझे वडील थांबले नाहीत. स्मशानात सावित्री नदीचं पाणी चढत होतं म्हणतात. ते खरंही असेल. पण माझी आई मला शेवटची दिसली नाही, आणि त्या दिवसापासून मी त्या घराचं पाणी घेतलेलं नाही. आता पुन्हा विचारू नकोस. दात बरा आहे.

तुझी,
आत्या


महाड
३ फेब्रुवारी

ती. आत्या,

होडीवाला ओळखलास, हरले. म्हशीचं वाचून मी ऑफिसात एवढी हसले की वकीलसाहेब केबिनमधून बाहेर आले.

पण आत्या, तुझा सर्वांत चांगला तो माझा सर्वांत वाईट. मिठागराचा. सुरुवात सुंदर आहे, मी नाही म्हणत नाही. ती उन्हातली बाई माझ्याही डोळ्यांपुढून हलत नाही. पण शेवट निर्दयी आहे. ज्याने तो लिहिला त्याला माणसांचा कंटाळा आला असावा. टॉकीजमधून बाहेर आले तेव्हा मला कोणाशी बोलावंसं वाटत नव्हतं.

तो शेवट तुला आवडला हे वाचून मला जरा भीतीच वाटली. सख्ख्या बहिणींचं असंच व्हायला हवं, असं तुला वाटतं का? बाबांच्या बाबतीतही? रागावू नकोस. आपण सिनेमाबद्दल कधी एकमेकींशी खोटं बोललो नाही, म्हणून विचारते.

तुझी,
समीक्षा


वरची वाडी
१७ फेब्रुवारी

चि. समीक्षास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दार उघडण्यात निर्दयी काय आहे, हे मला समजलं नाही. तू वकिलाच्या ऑफिसात राहून प्रत्येक दारामागे भांडण बघायला शिकलीस, दुसरं काय.

तुला एक जुनी गोष्ट सांगते, म्हणजे मला तो शेवट का आवडला ते कळेल. आमच्या बाबांचं बाजारात दोऱ्या, खराटे आणि सुपांचं दुकान होतं. गल्ल्यावर आम्हा दोघांपैकी एकाने बसलंच पाहिजे. त्यामुळे सिनेमाला दोघं एकदम कधी गेलो नाही. तिकीट एकच काढायचं. मध्यंतरापर्यंत मी बघायची. मध्यंतराला बाहेर जाणाऱ्याला दारावरचा माणूस पुठ्ठ्याचा पास द्यायचा. तो पास घेऊन मी बाहेर यायची, तोवर तुझे वडील दुकानात घटकाभर बाबांना बसवून धावत आलेले असायचे. उभ्या उभ्या मी त्यांना पहिला अर्धा सांगायची, पास हातात द्यायची आणि दुकानात पळायची. ते उरलेला अर्धा बघून यायचे आणि दुकान बंद करताना मला सांगायचे.

लग्न होऊन इकडे येईपर्यंत मी एकाही सिनेमाचा शेवट डोळ्यांनी पाहिला नव्हता. सगळे शेवट तुझ्या वडिलांच्या तोंडून. आणि ते शेवट फार चांगले असत. आजारी माणूस बरा होई, हरवलेला परत येई, आणि सगळ्यांत शेवटी कोणीतरी दुकान टाके. कपड्याचं, भांड्यांचं, एकदा तर डाकू सुधारला आणि त्याने किराणा दुकान टाकलं. पुढे पोलादपूरला तंबूत त्यातलाच एक सिनेमा आला आणि मी पहिल्यांदा पूर्ण पाहिला. हीरो मेला. दुकान वगैरे काही नाही. सबंध रस्ताभर मी हसत आले, काकांना वाटलं हिला काय झालं. तुझ्या वडिलांना मात्र हे मी कधी सांगितलं नाही.

तर सांगायचं ते असं. तो मिठागराचा शेवट बघून मला वाटलं, पुढचं सांगायला या वेळी कोणी नाही, आपणच जाऊन बघावं लागेल. शिमगा झाला की मी महाडला येणार आहे. दातासाठी नव्हे. तुमच्या दारावर येऊन दार वाजवणार आहे. पुढे काय व्हायचं ते होवो. तुझ्या वडिलांना यातलं अक्षर सांगू नकोस. आधी कळलं तर ते डेपोत जाऊन बसतील.

तुझी,
आत्या


महाड
२४ फेब्रुवारी

ती. आत्या,

तुझं पत्र वाचून मी नाचायला हवं होतं. त्याऐवजी "दार उघडण्यात निर्दयी काय आहे" या ओळीपाशी अडले आणि तशीच दीपककडे गेले.

आत्या, तो सिनेमा दोन तुकड्यांत होता. दीपकने पहिलाच भरला, दुसरा राहून गेला. तू पाहिलास तो शेवट नाही. ते मध्यंतर आहे. दार उघडल्यावर अजून सव्वा तासाचा सिनेमा आहे, आणि मी ज्याला निर्दयी म्हणत होते ते सगळं त्यात आहे.

पुढे काय होतं ते तू विचारल्याशिवाय सांगणार नाही. चांगलं होत नाही, इतकंच सांगते.

दोन दिवस मी गप्प राहायचं ठरवलं होतं. तू आली असतीस, तेवढंच तर मला हवं आहे. पण उद्या तो सिनेमा टीव्हीवर लागला आणि तू पुढचा भाग पाहिलास, तर म्हणशील की पोरीने मला अर्ध्या गोष्टीवर घराबाहेर काढलं. आणि बाबा त्या दिवशी कसे वागतील याची मला खात्री देता येत नाही. त्यांना मी काही सांगितलेलं नाही.

दुसरा भाग पाठवू का? तू म्हणशील तसं करते. पण सिनेमा काही झाला तरी तू ये.

तुझी,
समीक्षा


वरची वाडी
५ मार्च

चि. समीक्षास आशीर्वाद.

खरं सांगितलंस ते बरं केलंस. ठमाबाई म्हणालीच होती, येवढाच हाय का म्हणून. तिला कळलं, मला नाही.

दुसरा भाग नको. कार्ड परत पाठवते आहे. आता नवे सिनेमेही नकोत, राब भाजायचे दिवस आले, शेतात पाला-पाचोळा पसरून झाला आहे, आता तो पेटवायचा, वेळ मिळत नाही.

महाडला येणार नाही. दार उघडल्यावर पुढे काहीतरी असतंच, एवढं या वयात मला कळायला हवं होतं. तू वाईट वाटून घेऊ नकोस, चूक दीपकचीही नाही आणि तुझीही नाही.

आत्या


महाड
२२ मार्च

ती. आत्या,

शिमगा झाला. तू आली नाहीस. रोज संध्याकाळी दार वाजलं की मी उठत होते, दोनदा दूधवाला होता.

कार्ड फळीवरच पडून होतं. बाबा दोन आठवडे त्याच्याकडे बघत होते. परवा जेवताना म्हणाले, "कार्ड भरून दिलं नाहीस ते?" मी म्हटलं, तिला नको आहेत सिनेमे. "का? डोळे बरे आहेत ना?" सहा वर्षांत त्यांनी तुझ्याबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. मी ताट बाजूला सारलं आणि त्यांना मिठागराचा सिनेमा सांगितला. तुझ्या येण्याबद्दल अक्षर काढलं नाही, शब्द पाळला. फक्त सिनेमा. दोन बहिणी, ऊन, बांध, कडीचा आवाज, दार.

बाबा म्हणाले, "मग?"

मी म्हटलं, मग मध्यंतर. तिच्याकडे एवढाच पोहोचला. तिला तो वर्षातला सर्वांत चांगला वाटला.

"आणि पुढचा अर्धा तिला कोणी सांगितला?"

"कोणी नाही. तिला नको आहे."

ते हात धुवायला उठलेच नाहीत. मग पुठ्ठ्याच्या पासाची गोष्ट सांगायला लागले. मला ती माहीत आहे हे मी दाखवलं नाही. म्हणाले, "ती दारावर उभी असायची, पास पुढे करून. एका दमात सगळा पहिला अर्धा सांगायची, मला धड काही कळायचं नाही. पण उरलेला अर्धा सांगायचं काम माझं होतं. ते मी एकदाही चुकवलं नव्हतं." मी म्हटलं, बाबा, दुसरा भाग दीपककडे आहे, बघून घ्या हवा तर. तर म्हणाले, "बघायला कशाला पाहिजे? पुढे काय होतं ते मला ठाऊक आहे."

आत्या, त्यांना काहीच ठाऊक नाही.

आज सकाळी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि विचारलं, वाडीची मुक्कामी गाडी अजून दुपारीच सुटते ना. जणू डेपोतल्या माणसाला ते माहीत नसतं. म्हणून हे पत्र जितेशकडे देत नाही. ते बाबांच्या खिशात आहे. तू हे वाचत असशील तर तू दार उघडलं आहेस. पुढचं मला लिही.

तुझी,
समीक्षा


वरची वाडी
२५ मार्च

चि. समीक्षास अनेक अनेक आशीर्वाद.

गाडी खालच्या फाट्याला थांबते आणि तिथून चढ आहे. मी शेतात होते. राबाच्या धुरातून कोणीतरी इस्त्रीचा शर्ट घालून वर येताना दिसलं. आधी वाटलं तलाठी. मग चाल ओळखली आणि मी शेतातून निघून घरात आले आणि दार लावून घेतलं. का लावलं ते मला सांगता येणार नाही. बहुतेक त्याने वाजवावं म्हणून.

त्याने वाजवलं. मी कडी काढली. घामाने शर्ट भिजलेला, धाप लागलेली. आधी दाराची चौकट धरून दम घेतला. मग म्हणाला, "संजे, तो मिठागराचा सिनेमा. त्याचं पुढचं सांगायला आलोय."

मी म्हटलं, आत ये, पाणी घे.

ओटीवर बसून त्याने उरलेला सगळा सिनेमा सांगितला. काका होते, ठमाबाईही भांडं परत करायच्या निमित्ताने आली ती बसली. धाकटीने थोरलीला घरात घेतलं. पायांना मिठाने चिरा पडल्या होत्या, तिने कोमट पाण्याने धुतल्या. दोघी आधी भांडल्या, भरपूर भांडल्या, मग एका ताटात जेवल्या. एवढं सांगून दादा थांबला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. मला माहीत होतं काय येणार. तो म्हणाला, "मग दोघींनी मिळून बाजारात मिठाचं दुकान टाकलं."

मी पदर तोंडात कोंबला. आधी हसू होतं, मग ते हसू राहिलं नाही. दादा घाबरला. ठमाबाई मात्र खूश झाली, "आता कसा पुरा झाला," म्हणाली.

तंबूतल्या सिनेमाचं मी त्याला याही वेळी सांगितलं नाही, आणि तूही सांगायचं नाहीस.

सकाळी मी गोठ्यात धार काढत होते, तो उंबऱ्यावर चहा घेत बसला होता. मी त्याच्याकडे न बघता म्हटलं, दादा, आईचाही उरलेला अर्धा सांग. मी नव्हते तेव्हाचा.

त्याने सांगितला. पहाटे आईने चमचाभर चहा घेतला आणि विचारलं, संजी निघाली का? हा म्हणाला, निघाली. खरं तर तेव्हा निरोपही पाठवला नव्हता, ती एवढ्यात जाईल असं त्याला वाटलं नव्हतं. दुपारनंतर नदीचं पाणी स्मशानाच्या पायऱ्या चढायला लागलं. माणसं उरका म्हणत होती, हा थोडं थांबा म्हणत होता. पाणी सरणापासून हातभर उरलं तेव्हा त्याने अग्नी दिला. मी दारात आले तेव्हा हे सांगायला त्याचं तोंड उघडलं नाही, कारण मी आल्या आल्या जे बोलले त्यानंतर सांगण्यासारखं काही उरलं नाही असं त्याला वाटलं. एवढंच. मध्ये कुठेही थांबला नाही, आवाज चढवला नाही. त्या गोष्टीत कोणी बरं झालं नाही, कोणी परत आलं नाही, कोणी दुकान टाकलं नाही. म्हणून मला कळलं की ती खरी आहे.

बादली बाजूला ठेवून मी पुष्कळ रडले. म्हैस माझ्याकडे वळून बघत होती.

दादा तीन दिवस राहिला. राब भाजायला काकांना मदत केली, म्हणजे मध्ये मध्ये उभा राहिला. म्हशीच्या सिनेमाचं त्याला सांगितलं, तर तोही तेच विचारतो, ती पडली कुठे. दुसऱ्या भागाचं दीपकला सांग, पुसून टाक. यंदाचा माझा सर्वांत चांगला सिनेमा तोच, दादाने सांगितला त्यासकट.

उद्या सकाळच्या गाडीने दोघं उतरतो आहोत. हे पत्र मी पिशवीत घालून स्वतःच आणते आहे. समोर उभी राहून बोलता येईल, पण आपला नियम लिहायचा आहे. आल्यावर मला पाणी दे. माठातलं दे, फ्रिजचं नको. दात अजून दुखतो.

तुझी,
आत्या